मधोमध पडणारा डाग

मित्रांनो, मी एक जुनी लेन्स आहे, कॅमेऱ्याच्या तोंडाला बसवतात ती काच. स्वतःबद्दल बोलायची मला सवय नाही, आणि माझी हकिकत ऐकण्याजोगी आहे की नाही याचीही खात्री नाही. पण ज्या दोषापायी मी इतकी बोलणी खाल्ली, तो दोष नेमका काय होता हे एकदा कुणाला तरी सांगावं असं वाटतं.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या काचा घासल्या, पितळी नळीत एकामागे एक बसवल्या आणि वरच्या कड्यावर पांढरे आकडे कोरले. शेवटी एका कारागिरानं बारीक कुंचल्यानं त्या आकड्यांजवळ एक लाल रेघ ओढली. माणसाच्या डोळ्यांना तांबड्या रंगाच्या पलीकडचा प्रकाश दिसत नाही. त्या प्रकाशात फोटो काढायचा झाला तर कडं या रेघेवर आणावं, एवढाच त्या रेघेचा अर्थ. मला मात्र ती रेघ कपाळावरच्या कुंकवासारखी वाटे. कधी ना कधी तो न दिसणारा प्रकाश मी दाखवीन, असं मी मनाशी धरून बसले.

फिरत फिरत मी बल्लारपूरला लटारूभाऊंच्या स्टुडिओत आले. पेपर मिलचे कामगार, खाणीतली माणसं, लग्न ठरायच्या मुली, सगळे माझ्यासमोर बसून गेले. लटारूभाऊंचा एकच नियम होता. माणूस फोटोच्या मधोमध हवा. "मधात बसा, बाई. आपून काय चोर आहो का कोपऱ्यात बसाले?" असं ते म्हणत. लोक माझी तारीफ करत. लाल रेघेकडे मात्र कुणी पाहिलं नाही. एकदा लटारूभाऊंनीच तिला बोटानं घासून पाहिलं आणि "डाग आहे वाटते" म्हणून सोडून दिलं.

मग मोबाइल आले, स्टुडिओ बंद पडला. लटारूभाऊंनी मला बिस्किटाच्या डब्यात ठेवलं आणि पुढे ते वारले. पावसाळ्यात काचेवर बुरशीचे कोळिष्टकासारखे धागे चढत, उन्हाळ्यात कड्यातलं तेल सुकून जाई. असे किती ऋतू गेले ते मी मोजले नाहीत.

मला बाहेर काढलं लटारूभाऊंच्या मुलानं, दिनेशनं. तो आता गडचिरोलीला राहतो आणि लग्नाचे फोटो काढतो. त्यानं कुठेतरी पांढऱ्या झाडांचे फोटो पाहिले होते आणि त्याला तो नाद लागला. नागपूरच्या एका दुरुस्तीवाल्याकडून त्यानं आपल्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यातली, तो पलीकडचा प्रकाश अडवणारी पातळ काच काढून घेतली आणि एक जोडकडं लावून मला त्यावर बसवलं. माझा दिवस उगवला असं मला वाटलं.

पहिले फोटो पळसाच्या रंगात बुडवल्यासारखे लालभडक आले. ते तसेच यायचे असतात. मग दिनेशनं संगणकावर ते धुवायला घेतले. गवत पांढरं समज, असं त्यानं संगणकाला सांगितलं, तांबड्या-निळ्याची अदलाबदल केली, आणि आभाळ निळं झालं, झाडं सावरीच्या कापसासारखी पांढरी झाली. जिवंत पानं तो प्रकाश परत फेकतात म्हणून पांढरी दिसतात. सुकत चाललेली पानं वरून हिरवट दिसली तरी त्यात काळवंडतात.

पण प्रत्येक फोटोच्या मधोमध एक फिकट गोल डाग होता.

तो माझा होता, मित्रांनो. माझ्या काचांवरचा थर नेहमीच्या उजेडासाठी केलेला. हा प्रकाश आत शिरला की काचांवर इकडून तिकडे आपटतो आणि मध्यावर गोळा होतो. कपाळावर लाल रेघ मिरवणारी मी, आणि त्याच परीक्षेत नापास. दिनेश मला पुसायचा, फुंकायचा, पुन्हा फोटो काढायचा, पुन्हा संगणकापुढे बसायचा. मधेच वीज जायची आणि केलेलं काम वाया जायचं.

"त्या काचेच्या तुकड्यापायी डोळे फोडून राह्यले तुमी," त्याची बायको चंदा म्हणायची. "तुमच्या बाबाजीनं डब्यात ठेवली होती ते काई उगीच नाई."

अशातच सुकरीबाईचा निरोप आला. धानोऱ्याच्या पुढे जंगलातल्या एका गावात ही म्हातारी राहते. त्या गावातल्या एका लग्नात दिनेशनं आपले पांढऱ्या झाडांचे फोटो दाखवले होते. तिच्या घराण्याचं एक मोहाचं झाड आहे. त्याची फुलं तिची सासू वेचायची, मग ती वेचू लागली. दोन वर्षं झाडानं फुलं नावालाच दिली होती. तिचा मुलगा मंगरू झाड पाडायला निघाला होता आणि ग्रामसभेत तसं बोललाही होता. पुढच्या बैठकीत निर्णय व्हायचा होता.

"माह्या मोहाचा फोटो काढून दे, भाऊ," सुकरीबाई म्हणाली. "जिता आहे का मेला ते दिसू दे सगळ्याइले. माह्या बोलण्यावर कोनी भरोसा नाई ठेवत."

दिनेशनं भर दुपारी झाड बरोबर मधोमध धरलं. बापाची शिकवण. फोटो तिथेच, सोबत नेलेल्या लॅपटॉपवर उघडला तर झाड पांढरंशुभ्र. सुकरीबाई हरखली. मंगरू मात्र वाकून बघत राहिला.

"भाऊ, तो जळका खुंट दिसते का? त्याचाबी काढा. असाच, मधात ठेवून."

दिनेशनं काढला. कोळसा झालेला खुंटही मधे पांढुरका दिसत होता.

"घ्या," मंगरू म्हणाला, "खुंट्यालेबी पालवी फुटली. माय, उद्या चुलीतल्या लाकडाचा काढून आनू काय?"

लोक हसले. सुकरीबाई पदर सारखा करत उभी राहिली. ते पाहून मला जे वाटलं ते डब्यातल्या अंधारातही वाटलं नव्हतं.

घरी येऊन दिनेशनं डाग काढायचा चंग बांधला. संगणकावर डागाच्या आकाराचा गोल आखून तो गडद केला. डाग गेला, पण त्याबरोबर झाडही काळं पडलं. मेल्यासारखं. गोल थोडा उजळला की झाड पुन्हा जिवंत. म्हणजे झाडाचं जगणं-मरणं माउसच्या टोकावर आलं. अशी साक्ष कोण मानणार? त्यानं उजेडाचं भोक लहानमोठं करणारी माझी पाती उघडझाप करून पाहिली, तोंडाला काळा कागद गुंडाळला. फरक पडे तो उन्नीस-बीस. शेवटी तो मला म्हणाला, "तुले वैनगंगेत टाकाले पायजे." मी ऐकून घेतलं. दिनेशभाऊ, मधून हल, एवढंच मला सांगायचं होतं, आणि तेवढंच सांगता येत नव्हतं.

बैठकीच्या दिवशी तो गावात गेला तो नाही म्हणायलाच; कॅमेरा आणि लॅपटॉप सवयीनंच पिशवीत होते. मोहाखाली सुकरीबाई बसली होती.

"बाई, माह्याकडून नाई झालं," तो म्हणाला. "लेन्स खराब आहे."

"तूबी काय करशीन," ती म्हणाली. "आता पाडतीनच तं झाडासंगं माहा एक काढ. आठवन राहीन."

दिनेशनं मला तिच्याकडे वळवलं. म्हातारं माणूस मधोमध हवं, म्हणून त्यानं सुकरीबाईला मधे घेतलं. झाड आपोआप कडेला गेलं. फोटो लॅपटॉपवर उघडला. सुकरीबाईच्या चेहऱ्यावर माझा डाग पडला होता, नाक-डोळे काही उमटले नव्हते.

"मी तं भूत झाली," ती हसली.

दिनेश हसला नाही. तो कडेच्या झाडाकडे बघत होता. तिथे डाग नव्हता. आणि झाड ना सगळं पांढरं होतं, ना सगळं काळं. अर्धं पांढरं, अर्धं काळपट.

त्यानं झाड एकदा फोटोच्या डावीकडे घेतलं, एकदा उजवीकडे. झाडाच्या एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला गावची वाट; दर वेळी नदीकडच्याच फांद्या पांढऱ्या आल्या आणि वाटेकडच्याच काळ्या. बैठकीला जमलेली माणसं भोवती गोळा झाली. मंगरूनं पुन्हा तो जळका खुंट कडेला ठेवून फोटो काढायला लावला. या वेळी खुंट काळाच आला.

"वाटेकडूनच काऊन काळं?" कुणीतरी विचारलं.

सुकरीबाई उठली आणि वाटेच्या बाजूनं खोडाला हात लावला. साल करपून फाटली होती. फुलं पडायच्या आधी खालचा पालापाचोळा जाळतात, म्हणजे स्वच्छ जमिनीवर फुलं वेचायला सोपं जातं. सगळेच जाळतात. वाटेकडची जमीन सपाट, म्हणून मंगरू ढीग तिथेच करायचा आणि तिथेच पेटवायचा. दर वर्षी, खोडाला लागून.

सगळे मंगरूकडे बघू लागले. त्यानं मान खाजवली.

"मंग झाडू मारून पाला उचलू म्हन," तो म्हणाला. "पन माय, टोपले मी एकटा नाई वाहनार."

झाड पाडायचा विषय त्या बैठकीत पुन्हा निघाला नाही. चैतात फुलं आली, नदीकडच्या फांद्यांनाच. वाटेकडची बाजू परत हिरवी होईल की नाही, मला सांगता येत नाही.

मित्रांनो, माझा दोष गेलेला नाही. दिनेशभाऊ अजून सवयीनं वस्तू मधोमध धरतो आणि मग मलाच शिव्या घालतो. तुमच्या घरातही असं काही जुनं पडलं असेल. त्याला कोरडं ठेवा, शर्टाच्या टोकानं पुसू नका. आणि फेकण्याआधी त्याचा डाग नेमका कुठे पडतो तेवढं शोधा. कदाचित तुम्हालाच थोडं सरकावं लागेल.

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. झाडासोबतचा तिचा तो फोटो सुकरीबाईच्या भिंतीवर आहे. पाहुणे विचारतात, ही पांढरी कोण? मंगरू म्हणतो, "माही माय आहे. झाड चांगलं आलं ना पन." झाड मी दिलं, तिचा चेहरा मला देता आला नाही. तुमच्यापैकी कुणी त्या गावाला गेलात, तर साध्या लेन्सनं तिचा एक फोटो काढा. तिला मधोमध बसवा.