चार बोटं जागा

गोदामातल्या मोठ्या फ्रीजचं दार कुणी गरजेपेक्षा पळभर जास्त उघडं ठेवलं, की कोपऱ्यातून हाक यायची, "दार! गारवा काय तुझ्या सासऱ्यानं आंदण दिलाय?" त्यामुळे त्या म्हाताऱ्या भांडारपालाला सगळे बर्फकाका म्हणत. मालक म्हणे, ड्रायव्हर म्हणे, औषध दुकानदार फोनवर म्हणत. खुद्द काकाही फोन उचलून म्हणत, "हां, बर्फकाका बोलतोय."

गोदाम घाऊक औषधांचं होतं. इथून माल दुकानांत जायचा आणि दुकानांतून आजाऱ्यांच्या घरी. गोळ्यांची खोकी उघड्या मांडण्यांवर आणि जपायचं ते सगळं त्या काचेच्या दाराच्या फ्रीजमध्ये. तिथे इन्सुलिनच्या बाटल्या असत, करंगळीएवढ्या, पाण्यासारख्या नितळ. काका त्यांना अशा उचलत, जशी पाखराची अंडी उचलावीत.

त्याला कारण होतं. काकांची नात, सात वर्षांची, पुढचे दोन दात मोठे म्हणून घरात तिचं नाव खारूताई, याच बाटलीवर जगत होती. रोज सुई. सुई टोचताना काका तिच्यासाठी एक ओवी म्हणत. त्यांनीच रचलेली, वेडीवाकडी:

*गार गार बाटली गं, गारव्याची राणी,*
*मुंगी चावली पोटाला, डोळां नको पाणी.*

आणि खारूताई ओठ दाबून म्हणे, "मुंगी नाही, मुंगळा होता."

आज सकाळी कामावर निघताना लेकीचा फोन आला होता. लेक पलीकडच्या गल्लीत राहायची. जावई बाहेरगावी नोकरीला.

"बाबा, पुन्हा साखर वर. चार दिवस झाले. डोस वाढवला तरी खाली येईना. रात्रभर पाणी पाणी करत होती. शाळेत कुणाचं तरी गोड खाते ही, मला पक्कं ठाऊक आहे. तुम्ही जरा रागवा. माझं ऐकत नाही."

काका रागावले. आयुष्यात पहिल्यांदा नातीवर आवाज चढवला. "खारूताई, खरं सांग. काय खाल्लंस?"

"नाही खाल्लं, आजोबा." आवाज बारीक, ओल्या कापडासारखा. "शप्पथ नाही खाल्लं."

"खोटं बोलणाऱ्या मुलींशी मी बोलत नाही," म्हणून त्यांनी फोन ठेवला. रस्ताभर ते शब्द त्यांनाच काट्यासारखे टोचत राहिले.

आणि गोदामात पाऊल टाकतात तो समोर औषध निरीक्षक बाई उभ्या. न कळवता आलेल्या. साधी सुती साडी, खांद्याला पिशवी, आवाज इतका मऊ की ऐकणाऱ्याला जास्तच धडकी भरावी.

"तुम्ही बर्फकाका ना? मग आधी फ्रीजच पाहू."

माल स्वच्छ होता, मांडणी नीट होती. पण एक गोष्ट होती. गेल्या आठवड्यात त्यांनी नातीसाठी एक बाटली घरी नेली होती. बिलावाचून. घाऊक गोदामातून परवानेधारक दुकानालाच माल जाऊ शकतो, घरच्या माणसालाही नाही, हे त्यांना पाठ होतं. पण दुकानातली बाटली उन्हातून पिशवीत येते, तिचा काय भरवसा? मालकच म्हणाले होते, "अहो काका, नातीसाठी नेताय, चोरी का करताय? न्या. फुटलेल्या मालात दाखवू."

आता मालकांनी त्यांना मांडणीआड ओढलं. भला माणूस, पण आज त्याच्या ओठांना रंग नव्हता.

"काका, ती बाटली फुटली. कळलं? हातातून निसटली, फुटली, काचा फेकल्या. दुसरं अक्षर तोंडातून काढू नका. लायसन्स गेलं तर तुम्ही आम्ही सगळे रस्त्यावर."

"फुटली," काका म्हणाले.

"असं रडवेलं नका म्हणू. फुटलेली बाटली आहे, मेलेलं माणूस नाही."

निरीक्षक बाईंनी फ्रीजच्या दारावरचा आकडा पाहिला. चार. उत्तम. त्यांनी आत डोकावलं.

"हा आकडा मोजणारा काटा आत कुठे लावलाय?"

"मधल्या फळीवर, मॅडम," फार्मासिस्ट म्हणाली. ती तरुण मुलगी होती. गोदामातून जाणाऱ्या प्रत्येक औषधाला तिचीच सही लागे.

"म्हणजे मधल्या फळीचं आपल्याला कळतं. कोपऱ्यांचं कोण सांगणार?" बाईंनी पिशवीतून डबीएवढी तापमापकं काढली. एक दाराशी ठेवलं, एक तळाला, आणि एक हात लांब करून अगदी मागे, भिंतीशी. हात बाहेर काढताना त्या थांबल्या. "ही पिवळी पट्टी कसली?"

फार्मासिस्टनं मान खाली घातली. "मीच चिकटवलीय. पट्टीच्या मागे खोकी ठेवायची नाहीत म्हणून. चार बोटं जागा सोडायची."

"पण खोकी तर भिंतीला टेकलीत."

सगळे काकांकडे बघू लागले.

पट्टी लावली तो दिवस काकांना आठवला. ते म्हणाले होते, "चार बोटं जागा काय हवा खायला सोडायची?" आणि मुलगी हसून म्हणाली होती, "हो, हवा खायलाच. मागची भिंत जास्त गार असते काका, म्हणून." त्या वाक्यातलं काकांनी एवढंच उचललं: जास्त गार. पुढे मोठा माल आला, फळ्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा त्यांनी इन्सुलिनची खोकी पट्टी ओलांडून मागे सारली, भिंतीला लावली, अंगणात गाईपाशी वासरू बांधावं तशी. आणि नातीची बाटली त्यांनी मुद्दाम सगळ्यात मागच्या कोपऱ्यातून घेतली होती. खोक्यावर बर्फाची पांढरी साय धरलेली होती. ती रुमालानं पुसताना त्यांना किती बरं वाटलं होतं. माझ्या खारूताईला सगळ्यात गार बाटली.

"जागा नव्हती, मॅडम," ते म्हणाले.

"अर्ध्या तासानं काढू ही तापमापकं," बाई म्हणाल्या आणि परत आलेल्या मालाच्या फळीकडे वळल्या.

तो अर्धा तास काकांना सरता सरेना. खिशात फोन थरथरला. लेक. त्यांनी उचलला नाही. पुन्हा थरथरला. शेवटी मांडणीआड जाऊन त्यांनी निरोप वाचला: *उलटी झाली दोनदा. आता झोपलीय गाढ. डॉक्टर संध्याकाळी भेटतील. औषधाची वेळ झाली, उठवू का?*

काकांनी जाडजूड बोटांनी लिहिलं: *झोपू दे. रात्रभर जागीच होती पोर.*

परत आले तेव्हा बाई फुटलेल्या मालाबद्दल विचारत होत्या. मालक घाम पुसत सांगत होते, "एकच बाटली, मॅडम. इन्सुलिनची. काकांच्या हातून निसटली. वय झालं."

"हो का, काका?"

काकांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

मग बाईंनी तापमापकं काढली. दाराचं पाहिलं, तळाचं पाहिलं. मागचं हातात धरून त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग फार्मासिस्टला दाखवलं. त्या मुलीचा हात तोंडावर गेला.

"काय झालं?" मालक म्हणाले. "पाचसहा असेल ना?"

"शून्याच्या खाली आहे," निरीक्षक बाई म्हणाल्या. "भिंतीला टेकलेला सगळा माल गोठलाय. इन्सुलिन एकदा गोठलं की संपलं. वितळल्यावर बाटली दिसते तशीच, पाण्यासारखी नितळ. पण आत जोर राहत नाही. घेणाऱ्याला वाटतं आपण औषध घेतोय, आणि अंगात जातं ते नुसतं पाणीच समजा."

काकांना वाटलं, कुणीतरी पायाखालची फरशी हळूच काढून घेतली.

*चार दिवस झाले. डोस वाढवला तरी खाली येईना.*

*शप्पथ नाही खाल्लं.*

*झोपू दे.*

"मॅडम," ते म्हणाले. मालकांनी त्यांच्या दंडाला धरलं, बोटं रुतवली. काकांनी ती बोटं एकेक करून सोडवली, नात गळ्यातले हात सोडत नसे तेव्हा सोडवत तशी. "मॅडम, ती बाटली फुटली नाही. मी घरी नेली. भिंतीची होती. माझी नात... तिला तीच टोचतोय आम्ही. ती झोपलीय. मीच सांगितलं, झोपू दे."

निरीक्षक बाईंचा मऊ आवाज कुठल्या कुठे गेला. "उलटी झाली? तहान? श्वास कसा घेतेय? फोन लावा. आत्ता! ही झोप साधी नाही, काका!"

फोन वाजत राहिला. वाजत राहिला. काका भिंतीला धरून उभे होते.

"बाबा?" लेकीचा आवाज चिरकलेला. "बाबा, ही नीट डोळे उघडत नाहीये. धावून आल्यासारखी धापा टाकतेय. तोंडाला कसलातरी वास येतोय, नासक्या फळासारखा..."

"इस्पितळात ने! शेजाऱ्याची गाडी घे, नाहीतर पाठीवर घे, पण आत्ता ने! त्यांना सांग, इन्सुलिन खराब होतं. बाटली खराब होती. मी दिलेली." आणि मग, का कोण जाणे, ओरडून, "तिनं काही खाल्लं नव्हतं! तिनं काही खाल्लं नव्हतं गं!"

काका दाराकडे धावले. निरीक्षक बाई आडव्या आल्या.

"जा, नक्की जा. पण एक सांगून जा. भिंतीची किती खोकी बाहेर गेली? कुठल्या दुकानांत? बिलावर नुसता बॅच नंबर आहे, आणि त्याच बॅचचा माल मधल्या फळीवरही आहे. कुठलं खोकं भिंतीचं होतं हे तुमच्या हातांनाच ठाऊक."

काका थिजले. खरंच होतं. त्यांच्याच हातांनी काढून दिली होती. आणि नुसती दिली नव्हती. ज्या दुकानात लहान मुलांची औषधं जास्त जातात, तिथे त्यांनी निवडून निवडून मागची, सगळ्यात गार खोकी पाठवली होती. कौतुकानं.

एका क्षणी त्यांना वाटलं, जाऊ दे सगळं मसणात, माझी पोर आधी. पाय तर निघालेच होते. पण डोळ्यांपुढे झोपलेली पोरं येऊ लागली. कुणाकुणाच्या घरातली, तोंडं न दिसणारी, आणि प्रत्येकाच्या उशाशी एक म्हातारा उभा, म्हणणारा: झोपू दे.

"गाडीत बसा," मागून मालक म्हणाले. हातात किल्ली होती. "मी चालवतो. तुम्ही फोन लावत चला."

"आणि लायसन्स?"

"चला म्हणतो ना!"

मागे फार्मासिस्ट खोकी उतरवून, ती कुणी विकू नयेत म्हणून, लाल पट्टी गुंडाळत होती. काकांनी जाता जाता फ्रीजकडे पाहिलं. दार सताड उघडं होतं. त्यांनी हाक मारली नाही.

गाडीत ते फोन लावत गेले. "बर्फकाका बोलतोय. आमच्याकडचं इन्सुलिन विकू नका. नाही, थट्टा नाही. विकलंय त्यांना शोधा. हो, माझी चूक. शिव्या नंतर द्या. आधी शोधा." एक दुकानदार हसून म्हणाला, "काका, तुमच्याकडचा माल आणि खराब? उन्हानं डोकं तापलं की काय?" काका म्हणाले, "तापलं असतं तर बरं झालं असतं." पलीकडचं हसू तिथेच थांबलं.

बहुतेक खोकी सापडली. एका दुकानातली एक बाटली गेलेली होती. परवाच. कुणी बाई आली होती, मुलासाठी म्हणाली. "चिठ्ठीवर नंबर असेल," दुकानदार म्हणाला. "शोधून लावतो आणि तुम्हाला जोडून देतो. मला नाही सांगवणार असलं काही."

इस्पितळाच्या खोलीत खारूताई पलंगावर एवढीशी दिसत होती. हाताला नळी, नाकाला नळी, डोक्याशी यंत्राचा हिरवा ठिपका उड्या मारत होता. लेकीनं बापाकडे पाहिलं आणि नजर फिरवली. ती बोलली असती, भांडली असती, तर काकांना आधार वाटला असता.

"वेळेवर आणलीत," डॉक्टर म्हणाले. "पण आजचा दिवस काही सांगता येणार नाही."

काका पलंगाशी बसले. ओवी ओठांवर आली आणि तिथेच मेली. *गार गार बाटली गं.* गार या शब्दालाच त्यांना भीती वाटू लागली. त्यांनी नातीचा तळवा आपल्या तळव्यांत घेतला आणि चोळत राहिले, तो ऊन व्हावा म्हणून.

पुष्कळ वेळानं पापण्या हलल्या. फट पडावी एवढे डोळे उघडले.

"आजोबा," ती कोरड्या ओठांनी म्हणाली, "मी नव्हतं खाल्लं."

"नव्हतं खाल्लंस, राणी. खोटा मी होतो. मी होतो खोटा."

तिला ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. डोळे पुन्हा मिटले. काकांनी घाबरून डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी यंत्राकडे पाहिलं. हिरवा ठिपका उड्या मारत होता.

खिशात फोन थरथरला. काका दाराशी आले.

"काका, सापडल्या त्या बाई," दुकानदार म्हणाला. "जोडून देतोय, बोला."

मग एक अनोळखी आवाज, तरुण, थोडा वैतागलेला, मागे पंख्याची घरघर. "हां, कोण? औषधाचं काय म्हणत होते ते? मुलाला तेच देतेय परवापासून. दोन दिवस साखर वरच आहे, मी त्याला रागवत होते. सारखं पाणी पीत होता, आता कुठे झोपलाय बिचारा. तासाभरानं उठला की मग बघते."

काकांनी दोन्ही हातांनी फोन धरला.

"बाई," ते म्हणाले, आणि सगळ्या वऱ्हांड्यातली माणसं वळून बघू लागली, "उठवा त्याला. आत्ता उठवा!"