काळ्या सायकलला हिरवा रंग

भिवाजी मेश्रामला माणसांची भूक लागली होती, आणि ही मेली भूक अशी, की कोणाकडे मागायचीही लाज वाटते. सौंसरच्या नगरपालिकेत एकतीस वर्षं त्यानं पाण्याचे वॉल्व्ह उघडले आणि बंद केले. निवृत्त झाला, आता दोघं निवांत बसू म्हणाला, तर बायकोच गेली. त्याला दीड वर्ष झालं होतं.

त्याला कोणाकडून फार काही नको होतं. कोणीतरी तिच्याविषयी चार शब्द बोलावेत, एवढंच. पण पुण्याहून मुलगा कुलदीप फोन करायचा, तो बोलणं आईकडे वळलं की लगेच बीपीच्या गोळ्यांची चौकशी करायचा. शेजारचे म्हणायचे, किती दिवस धरून बसता. सगळे भलेच होते. भल्या माणसांनी मिळून तिचा विषय घराबाहेर काढला होता.

ती सरकारी नर्स होती. सव्वीस वर्षं मोहगाव आणि भोवतालच्या खेड्यांत काळ्या लेडीज सायकलवर फिरली. पुढे टोपली, मागे कॅरिअरवर लसीचा निळा डबा. तिची ती दुनिया भिवाजीनं कधी पाहिलीच नाही. त्याची कामाची वेळ पहाटेची; घरी परतून आडवा व्हायचा, त्यामुळे ती निघायची तेव्हा हा गाढ झोपलेला असायचा. आता सायकल ओसरीत भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्यावर धूळ बसत होती.

धूळ पाहवेना म्हणून एक दिवस तो तिला सौरभच्या दुकानात घेऊन गेला. सौरभ गाड्यांना रंग मारणाऱ्याचा मुलगा, पण त्याचं डोकं सगळं सायकलीत. त्यानं वाकून फ्रेम पाहिली, चारदा भोवती फिरला आणि म्हणाला, असा बाक आता कुठली कंपनी देत नाही. मग त्यानं रविवारच्या सायकल मंडळाचं सांगितलं. पंचवीसेक जण होते, मास्तर, डॉक्टर, दुकानदार. पुढारीण प्रणाली, ती बँकेत होती, आणि तिची सायकल दोन बोटांवर उचलता यायची. महिन्यातून एकदा हे सौंसरहून निघायचे, पांढुर्ण्याचे तिकडून, आणि मध्ये कुठंतरी भेटून सगळे मिळून सगळ्यांत देखणी सायकल निवडायचे. हौसेला मोल नसतं म्हणतात ते काही खोटं नाही. पुढची भेट मोहगावला होती.

मोहगाव म्हटल्यावर भिवाजीचा जीव हलला. तिथं ही सायकल सगळ्यांनी सव्वीस वर्षं पाहिलेली. ती रस्त्यानं गेली की कोणीतरी ओट्यावरून हाक मारेल, थांबवेल, बायकोचं काहीतरी सांगेल. आणि जायचंच तर नटून जावं, असंही त्याला वाटलं. आयुष्यभर ती बिचारी पांढऱ्या साडीत त्या काळ्या लोखंडावर फिरली. तिची सायकल तरी एकदा थाटात जाऊ दे. सौरभला म्हणाला, काय करायचं ते कर, कसर ठेवू नको.

सौरभनं कसर ठेवली नाही. काळा रंग खरवडून कोवळ्या कडुनिंबाचा हिरवा दिला. टायर सायीच्या रंगाचे, मुठी आणि सीट तपकिरी चामड्याची, पुढं वेताची टोपली. खडखडणारं चेनकव्हर काढलं, कॅरिअर काढलं. सीटच एवढी भारी, की नाकापेक्षा मोती जड झाला. पण झाली देखणी. भिवाजी स्वतःच दोन मिनिटं तिला हात लावायला धजला नाही.

भेटीच्या रविवारी मंडळ सकाळी निघालं. नियमाप्रमाणे दोघादोघांची जोडी लावून सायकली चालवायच्या, पण संख्या विषम होती, म्हणून भिवाजी सगळ्यांच्या मागे एकटाच. प्रणाली अधूनमधून मागं वळून अंगठा दाखवायची, तोही दाखवायचा. दोन्ही बाजूंना संत्र्यांचे बगीचे होते आणि थंडीत धाप लागत होती. ती रोज यायची इथून, पावसात, उन्हात, हे त्याच्या पायांना पहिल्यांदा कळलं.

मोहगावात हॉटेलसमोर पांढुर्ण्याचे आधीच येऊन उभे होते. फोटो सुरू झाले. गावकरी जमले, आणि जमले ते नेमके हिरव्या सायकलीभोवती. पोरांनी घंटी वाजवून पाहिली. एकानं विचारलं, कुठून मागवली. दुसऱ्यानं विचारलं, बॅटरीवर चालते का. भिवाजी हँडल धरून उभा होता आणि एकेका तोंडाकडे पाहत होता. चाळिशी-पन्नाशीच्या बाया आल्या, सायकल पाहिली, छान आहे म्हणाल्या आणि गेल्या. तिनं ज्यांच्या दंडाला सुया टोचल्या असतील ती पोरं आता मिशा फुटून समोर उभी होती. कोणालाही काही आठवलं नाही.

मग त्याच्या ध्यानात आलं. लोक ओळखतात तो काळा रंग, तो निळा डबा, ती चेनकव्हरची खडखड. त्यानं ते सगळं खरवडून टाकलं होतं, आणि वरून पैसे मोजले होते. स्वतःच्या हातानं तिला इथून पुसून काढलं, असं वाटून त्याला गलबलून आलं. तेवढ्यात टाळ्या वाजल्या. देखण्या सायकलीचा मान हिरवीला मिळाला होता. गळ्यात हार घालून त्यानं फोटो काढून घेतला आणि चहा न घेताच सायकल हातात धरून गल्लीत शिरला.

एका ओट्यावर एक म्हातारी सुपात तूर पाखडत बसली होती. त्यानं पाणी मागितलं. तिनं तांब्या दिला आणि कुठले म्हणून विचारलं. सौंसरचा, असं सांगून त्यानं सायकलीवर हात ठेवला.

"हे कुलदीपच्या मायची सायकल होय."

"कोन कुलदीप जी?"

आता कुलदीपला मोहगावात कोण ओळखणार? पण भिवाजीच्या तोंडात बायकोसाठी दुसरा शब्दच नव्हता. लग्नात बायांनी दार अडवलं तेव्हा उखाण्यात एकदा तिचं नाव घेतलं होतं, त्यानंतर कधीच नाही. तिनंही त्याचं घेतलं नाही. मृत्यूच्या दाखल्याच्या वेळीसुद्धा नाव कुलदीपनंच सांगितलं. तो म्हणाला, इथं नर्स होती. म्हातारी म्हणाली, नर्सा तर चार-पाच होऊन गेल्या, कोनती? तो म्हणाला, सायकलवाली. दोघी सायकलवाल्या होत्या.

भिवाजीनं इकडेतिकडे पाहिलं. या वयात कानाची पाळी तापली.

"पंचफुला," तो म्हणाला. "पंचफुला मेश्राम."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. तिचं नाव कलाबाई. तिची तिन्ही बाळंतपणं पंचफुलाबाईनंच केली होती. मग ती जी बोलायला लागली ती थांबेचना. बाईचा हात कसा हलका, कसं एकदा पूर आलेला नाला तिनं सायकल डोक्यावर घेऊन पार केला, कसं तिनं कलाबाईच्या दारुड्या नवऱ्याला भर चौकात झापलं. भिवाजी ओट्यावर टेकला. दीड वर्षानंतर त्याच्या पोटात काहीतरी पडत होतं.

"आन् गानं किती म्हने," कलाबाई म्हणाली. "अर्ध्या कोसावरून समजे आमाले, बाई येऊन राहिली. घरीबी म्हनत असन ना?"

घरी तिनं कधी गुणगुणलंसुद्धा नव्हतं. भांडं हातातून निसटू नये म्हणून जपायची, कुलदीप लहानपणी खिदळला तर त्याच्या तोंडावर हात ठेवायची. वॉल्व्हमन झोपलेला असायचा ना. सव्वीस वर्षं आपण झोपलो आणि बायकोनं आपलं गाणं मोहगावच्या रस्त्यावर नेऊन म्हटलं, हे भिवाजीला त्या परक्या ओट्यावर समजलं. त्याला रडू फुटणार होतं, पण कलाबाईनं तेवढ्यात विचारलं.

"कशी हाये मंग आता? पेन्शनीत आराम करून राहिली असन."

तिला कोणी कळवलंच नव्हतं. ती उत्तरासाठी त्याच्या तोंडाकडे पाहत होती. भिवाजीनं खरं सांगायला तोंड उघडलं, आणि ते सांगितलं की हिच्या चेहऱ्यावरचं हे सगळं जाईल, ही पण पदर डोळ्यांना लावील आणि धीर धरा म्हणेल, हे त्याला दिसलं.

"बरी हाये," तो म्हणाला.

"आना ना तिले एखाद्या इतवारी. म्हनाव कलाबाई वाट पाहून राहिली."

"आनतो," भिवाजी म्हणाला.

परतीच्या रस्त्यावर तो पुन्हा सगळ्यांच्या मागे होता. दोन-तीन दिवस तो नुसता खुशीत राहिला, एकटाच हसायचासुद्धा. मग गुरुवारी प्रणालीचा निरोप आला, की मोहगाव सगळ्यांना आवडलं, पुढच्या महिन्यातही तिथंच जाऊ, आणि काका, हिरवी सायकल पाहिजेच. साऱ्या मुलखात एकच माणूस असं होतं, ज्याच्याजवळ पंचफुला अजून जिवंत होती. तिथं जाऊन तो आता एकटा कसा उभा राहणार होता? त्यानं लिहिलं, मला जमणार नाही, आणि पुढचे रविवारही धरू नका.