बावीस इंची नवरदेव

प्रेरणाचं लग्न मोडलं. मॉनिटरमुळे मोडलं, भर दुपारी मोडलं, आणि मोडलं तेव्हा नवरदेवाच्या हातात चहाची बशी होती.

असं काहीही झालेलं नाही. बाळाबाईंच्या घरात तरी कुणी तसं मानत नाही. विचारायला गेलात तर "कसली बशी?" असं उलट तुम्हालाच विचारतील. तेव्हा आपणही ते झालं नाही असं धरू आणि दुकानापासून सुरुवात करू.

दुकान कापूरहोळच्या फाट्यावर, मानसिंगचं. प्रेरणा वेल्ह्याला आत्याच्या घरी राहायची आणि घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर गावातल्यांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायची. त्याचा मॉनिटर मेला होता. तिला रुंद पडद्याचा, बावीस इंची एलसीडी हवा होता. एका बाजूला अर्ज उघडायचा, दुसऱ्या बाजूला कागद. ती एकटी जाऊन घेऊन आली असती. पण घरात साधं मडकं आणायचं झालं तरी ते आत्या, म्हणजे बाळाबाई, स्वतः वाजवून घेत. त्या आल्या. त्यांचे यजमान चिमाजी आतोबा ओझं उचलायला आले.

बाळाबाईंनी आधी मॉनिटर पाठीवर वाजवून बघितला. आवाज बद्द आला. मग पुढून अंगठा रोवला. अंगठ्याभोवती हिरवी-जांभळी तळी पसरली.

मानसिंग ओरडलाच. "मावशी! दाबू नका, एलसीडी हाय!"

"असंल की. आतनं मऊ लागतंय. जास्त पिकल्याला तर न्हाई ना?"

मानसिंगनं मॉनिटर दोन हात मागं ओढला.

"अन् ह्यो चौकोनी, ह्यो रुंद. फरक काय?"

"रुंदात जास्त मावतं, मावशी."

"मग रुंदच द्या. अरुंद एक हाय घरात, तेवढा बास झाला." हे बोलताना त्यांनी आतोबांकडे बघितलंसुद्धा नाही.

आतोबा बारीक होते. म्हणजे दोरीवर वाळत घातलेला सदरा आणि आतोबांच्या अंगातला सदरा यांत लांबून फरक कळत नसे. परतीच्या एसटीत त्यांनी खोकं मांडीवर घेतलं आणि ते खोक्यामागे संपले. कंडक्टरनं खोक्यालाच विचारलं, "कुठं जायचंय?" खोक्यातून आवाज आला, "वेल्हे." कंडक्टर दचकून मागच्या सीटवर बसला.

या आतोबांमुळेच बाळाबाईंनी घरात एक कायदा केला होता: आमची पोरगी बारक्या गड्याला द्यायची नाही. "जन्मभर वाऱ्यात ह्यांना धरून उभी ऱ्हायले," त्या म्हणत. "एकीनं केलं, लई झालं."

आणि प्रेरणाला गोरख आवडला होता.

गोरख हिर्डोशीचा. भाताची गिरणी चालवायचा. भोरला एका लग्नाच्या पंगतीत तो तिच्या समोर बसला होता आणि वाढप्यानं त्याला दोनदा ओलांडून पुढच्याला वाढलं होतं. तिसऱ्यांदा त्यानं हात वर करून "हजर!" म्हटलं. प्रेरणाच्या नाकातून मठ्ठा आला. तिथून पुढं फोन सुरू झाले. तो माणूस म्हणून सोनं होता. फक्त वजनाला सोन्याइतकाच भरला असता.

शेवटी गोरखच्या आईनं मागणी घातली. पावसानं हिर्डोशीच्या गाड्या बंद होत्या, म्हणून बघणं व्हिडिओ कॉलवर ठरलं. प्रेरणाला रात्री झोप लागली नाही. आत्या बघणार, आत्या 'न्हाई' म्हणणार, आणि आत्याच्या 'न्हाई'वर अपील नसतं.

कॉल लागला. गोरख नेटवर्कसाठी टेकाडावर जाऊन बसला होता, शेजारी आई. पडद्यावर चित्र आलं आणि प्रेरणा खुर्ची ओढून पुढं सरकली.

पडद्यावर एक पैलवान बसला होता.

चेहरा गोरखचाच, पण गाल परातीसारखे. खांदे या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेजारी आई म्हणजे साक्षात कणगी. मागचं झाडसुद्धा बुटकं आणि दणकट झालं होतं.

प्रेरणाला लगेच कळलं. कॉम्प्युटर जुना, चौकोनी पडद्याच्या काळातला; तो चौकोनीच चित्र पाठवत होता आणि नवा मॉनिटर ते ओढून-ताणून रुंदीला बसवत होता. अर्जांवरची अक्षरंही फुगली होती, पण अक्षरांना कोण बघायला येतं? मॉनिटरखालचं एक बटण दाबलं असतं तर गोरख जागेवर आला असता. तिचं बोट बटणापर्यंत गेलं आणि तिनं ते मांडीखाली घेतलं.

"पोरगं भरल्यालं हाय," बाळाबाई कुजबुजल्या. आवाज ओला झाला होता. "खातोस काय रं?"

"पिठलं-भाकर," पैलवान म्हणाला.

"बघा!" त्या आतोबांवर गरजल्या. "पिठल्यावर! अन् तुमाला म्या इतकी वर्सं तूप घातलं!"

आतोबांनी मान खाली घातली.

बाळाबाई मग थांबल्याच नाहीत. तिकडे टेकाडावर गोरखच्या आईला सुपारी फोडायला लावली, इकडे देवासमोर स्वतः फोडली, आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी कुंकवात अंगठा बुडवून पडद्यावरच्या गोरखच्या रुंद कपाळावर टिळा लावला. मॉनिटरवर पुन्हा हिरवी-जांभळी तळी उठली. कुंकू लागलं, शब्द दिला गेला. प्रेरणानं ते दुसऱ्या दिवशी पुसायला फडकं घेतलं, तर आत्या अंगावर धावून आल्या. "शकुनाचं कुंकू पुसतीस? अवदसा!" तेव्हापासून गावातला प्रत्येक अर्ज कपाळी टिळा लावून भरला जाऊ लागला.

पाऊस उघडला आणि गोरख आईला घेऊन एसटीनं वेल्ह्याला आला. बाळाबाई भाकर-तुकडा घेऊन दारात उभ्या. गोरख पुढं आला, वाकून पाया पडला. बाळाबाईंनी त्याच्या डोक्यावरून मागे रस्त्याकडे बघितलं.

"नवरदेव मागच्या गाडीनं येतोय का?"

"म्याच की," गोरख पायांपाशी म्हणाला.

भाकर-तुकडा बाळाबाईंच्या हातातून पडला. कोंबडीनं उचलला.

घरात चहा झाला. म्हणजे केला गेला, प्यायला कुणीच नाही. बाळाबाई गोरखकडे बघत होत्या, मग मॉनिटरकडे, मग पुन्हा गोरखकडे. त्याच्या हातात बशी होती आणि बशी त्याच्यापेक्षा रुंद वाटत होती.

"विहीणबाई," त्या अखेर बोलल्या, "बाकीचा कुठं ठिवला?"

"जेवढा हाय तेवढा आणलाय," गोरखची आई ताडकन म्हणाली. "काय हप्त्या-हप्त्यानं द्यायचा का काय?"

"म्या ह्याला शब्द दिल्याला न्हाई! म्या त्या तिथल्याला दिलाय!" बाळाबाईंनी मॉनिटरकडे बोट केलं. "कुंकू त्याला लावलंय. ह्याच्या कपाळाला हाय का कुंकू? न्हाई. मोडलं!"

गोरखची बशी कलंडली. तो प्रेरणाकडे बघून हळूच म्हणाला, "हजर." या वेळी तो हसला नाही. ते मात्र तिला सहन झालं नाही.

"आत्या, मला म्हाईत होतं," ती म्हणाली. "तो पडदा माणसाला ताणतो. मी बटण दाबलं न्हाई. तुम्ही न्हाई म्हणाला असता, म्हणून दाबलं न्हाई."

"पडदा कसा माणसाला ताणंल? माणूस काय कणीक हाय?"

प्रेरणानं आतोबांना दंडाला धरून उठवलं, खुर्चीत बसवलं आणि मॉनिटरच्या डोक्यावरचा कॅमेरा चालू केला.

पडद्यावर एक भरदार पुरुष उमटला. छाती आडवी, मिशा झुपकेदार, मान म्हणजे खांब. आणि न पुसलेलं कुंकू बरोबर त्याच्या कपाळाच्या मधोमध.

बाळाबाईंनी झटकन पदर डोक्यावर घेतला.

पडद्यावरचा पुरुष गोंधळून त्यांच्याकडे बघत होता.

"अगं, म्या हाय," तो आतोबांच्या आवाजात म्हणाला.

"गप बसा," बाळाबाई पदराआडून म्हणाल्या, पण असा 'गप बसा' आतोबांनी लग्नानंतर ऐकला नव्हता. त्या बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मग खुर्चीकडे. पुन्हा पडद्याकडे. "म्हंजी ह्ये असं हुतं. अन् म्या अरुंद बघत बसले." थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले आणि एकदम चिडल्या. "पोरी, तक्रार कर."

"कुणाकडं?"

"जो कोण संबंधित असंल त्याच्याकडं. माणसं दाखवायची एक अन् द्यायची एक, म्हंजी काय?"

"अन् लग्न?" गोरखच्या आईनं विचारलं.

बाळाबाईंनी गोरखला पुन्हा न्याहाळलं. तो आतोबांच्या शेजारी उभा होता. दोघं मिळून एक होत होते.

"निकाल लागंस्तवर हाय तसं ऱ्हाऊ द्या. तारीख धरा. उत्तर आलं, की मग मोडायचं का ते बघू."

प्रेरणानं मान खाली घातली, कारण तिला हसू आवरेना. इतके अर्ज भरले होते तिनं. 'संबंधित अधिकारी' नावाचा माणूस तिला अजून एकदाही भेटला नव्हता. तिनं खुर्ची ओढली. कुंकवाच्या आजूबाजूनं, फुगलेल्या अक्षरांत, अर्ज उमटू लागला:

प्रति, मा. संबंधित अधिकारी. विषय: कुटुंबातील पुरुषांची रुंदी दुरुस्त करून मिळणेबाबत. महोदय, अर्जदार बाळाबाई, रा. वेल्हे, विनंतीपूर्वक कळवितात की त्यांचे पती श्री. चिमाजी व नियोजित जावई श्री. गोरख हे पडद्यावर दिसतात त्यापेक्षा प्रत्यक्षात कमी आढळून आले आहेत. सदर कॉम्प्युटर चालू स्थितीत असून कुंकू जागेवर आहे. तरी स्थळपाहणी करून दोन्ही इसम पडद्याप्रमाणे रुंद करून द्यावेत, व ते शक्य नसल्यास, अर्जदारांना दोघांकडे पाहण्यासाठी त्याच मापाचे डोळे शासनाकडून मिळावेत, ही नम्र विनंती.