छत्तीस तासांची टाचणवही

मित्रांनो, मी एका माध्यमिक शाळेतली जुनी टाचणवही आहे. आम्ही तुमच्या हाती कधी लागत नाही, म्हणून आधी ओळख करून देते. उद्या वर्गात काय शिकवायचं आणि कसं, हे शिक्षक आमच्यात लिहितात. शिकवून झालं की त्यासमोर बरोबरची खूण करतात. माझा विषय संगणक. माझी गोष्ट सांगताना मान वर होत नाही. तरी माझी मीच सांगते, कारण दुसऱ्या कुणी सांगितली तर ती मला सांभाळून घेत सांगेल.

मी होते मात्र मोठ्या घरची. दोनशे पानं, जाड पुठ्ठा, पाठीला लाल कापडाची पट्टी. शिक्षकखोलीतल्या लोखंडी कपाटात आम्ही नऊजणी राहत होतो. इतिहासाची वही म्हणजे थोरली जाऊ, कोपरे दुमडलेले आणि अंगभर चहाचे डाग. गणिताची धाकटी, सदा खाडाखोड करून घेतलेली. हजेरीपट म्हणजे सासू. सकाळी सगळ्यांच्या आधी बाहेर पडायची आणि परत आली की कोण आलं, कोण नाही, याची कटकट दिवसभर. मी कुणाला भीक घालत नव्हते. माझ्या अंगावर डाग नव्हता आणि अक्षर होतं शिवणाच्या बाईंचं, टाक्यासारखं एकसारखं.

शिवणाच्या बाई संगणकाकडे कशा आल्या? शाळेने शिवण बंद केलं आणि त्या जागी संगणक आणला. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून सांगितलं, "बाई, तुमचा हात मशीनवर बसलेला आहेच. हेही मशीनच." बाईंनी बावीस वर्षं मुलींना काजं-बटणं शिकवली होती. नाही म्हणायचं त्यांना सुचलं नाही.

सुट्टीत त्यांनी मला घरी नेलं आणि पुस्तिका समोर ठेवून, पट्टीने रेघा मारून दहावीचं वर्षभराचं नियोजन लिहिलं. संगणक कक्षात छत्तीस तास. पहिला तास यंत्र सुरू करणे, दुसरा माउस हाताळणे, नववा फाइल जतन करणे, आणि शेवटचे दहा तास प्रत्येक मुलाने स्वतःचा छोटा प्रोग्रॅम लिहिणे. कापड बेतावं तसं बेतलेलं काम. माझी शाळा तेवढीच, जेवढी माझ्यावर लिहिली गेली. शब्द होते, अर्थ कुठे ठाऊक होते? पण ते शब्द मी दागिन्यांसारखे ल्यायले. इतिहासाच्या वहीला तर तोंडावर ऐकवलं, "तुझ्याकडे सगळे मेलेले. माझ्याकडे सगळं पुढचं."

पहिल्या तासाला बाई मला घेऊन संगणक कक्षात गेल्या. बारा यंत्रं, बाराही खोळींत. खोळी बाईंनीच शिवलेल्या, त्यामुळे झोकात बसल्या होत्या. बाईंनी एक खोळ काढून बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. चाळीस मुलं भोवती उभी. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, बॉबिन भरायची राहिली वाटतं."

वर्ग हसला. बाईही हसल्या, पण त्यांच्या हाताला घाम सुटला होता आणि तो माझ्या पुठ्ठ्याला लागत होता. भिंतीवरचा खटका बंद होता, एवढंच. ते शिपाईमामांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. तोवर बाई मुलांना वर्गात परत घेऊन गेल्या होत्या आणि फळ्यावर त्यांनी संगणकाची सुरेख आकृती काढली होती.

शाळा सुटल्यावर बाईंनी मला उघडलं आणि त्या तासाखाली पेन्सिलीने लिहिलं, 'तास झाला नाही. मला जमलं नाही.' नंतर पेन काढलं आणि त्याच तासासमोर बरोबरची खूण केली.

मित्रांनो, ती खूण देखणी होती. ती खोटी आहे हे मला ठाऊक होतं. तरी मला ती आवडली.

मग दुसरी झाली, तिसरी झाली. संगणक कक्षाला कुलूप आणि माझ्यात खुणा. यंत्र बिघडेल अशी बाईंना भीती नव्हती. आपल्याला येत नाही हे मुलांना कळेल, ही भीती होती. बावीस वर्षं ज्यांना मुली 'बाई, दाखवा ना' म्हणत आल्या, त्यांना 'मला दाखवा' म्हणता येईना. त्या फळ्यावर शिकवत राहिल्या. माउसचे प्रकार, माउसचे भाग, माउसचे उपयोग.

त्या वर्गात एक मुलगी होती. अर्ध्या गुणासाठी पेपर घेऊन भांडायला यायची म्हणून सगळे तिला वकील म्हणत. तिचे वडील मालाचा टेम्पो चालवायचे. दहावीनंतर तंत्रशाळेच्या संगणक विभागात जागा मिळाली तर पुढे शिकवीन, नाहीतर आत्याच्या दुकानात उभी राहा, असं त्यांनी तिला बजावलं होतं. जागा मिळायची ती प्रात्यक्षिक परीक्षेवर. म्हणून ती दर आठवड्याला विचारायची, "बाई, लॅब कधी?"

"पुढच्या आठवड्यात."

"मागच्या आठवड्यातही पुढचाच आठवडा होता, बाई."

"वकीलबाई, आधी व्याख्या पाठ करा. लॅब पळून जात नाही."

तिने व्याख्या पाठ केल्या. सगळ्या.

वर्ष संपत आलं तेव्हा तपासणीचे साहेब येणार असल्याचं कळलं. मुख्याध्यापक दहावीच्या वर्गात जाऊन म्हणाले, "कुणी विचारलं तर लॅबमध्ये छत्तीस तास झाले. शाळेची लाज तुमच्या हाती आहे." बाई तिथेच उभ्या होत्या.

माझी तपासणी शिक्षकखोलीत झाली. साहेब एकेक पान उलटत होते. आदल्या दिवशी बाईंनी माझ्यात कळफलकाचं चित्र चिकटवलं होतं, त्याची खळ बाहेर येऊन दोन पानं एकमेकांना धरून बसली होती. पेन्सिलीची ती ओळ त्यांच्या आत होती. साहेबांनी नखाने पान सोडवायला पाहिलं. मी सैल सोडलं असतं तर सुटलं असतं. मी घट्ट धरून ठेवलं. "चिकटलंय वाटतं," म्हणत ते पुढे गेले, आणि शेवटी मला मिटून माझ्यावर हात ठेवून म्हणाले, "बाई, टाचण असावं तर असं."

त्या रात्री कपाटात मी कुणाला बोलू दिलं नाही.

साहेबांच्या सांगण्यावरून अकरा शाळांतले संगणकाचे शिक्षक एका शनिवारी मला उतरवून घ्यायला आले. रेघ न् रेघ उतरवली. एकाने विचारलं, "खुणासुद्धा उतरवायच्या का?"

"त्याच तर मुख्य," दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले.

अकरा वह्या माझ्या लेकी झाल्या. मी कौतुकाने पाहत होते.

दहावीची परीक्षा झाली, त्यानंतर तंत्रशाळेची प्रात्यक्षिक परीक्षा झाली. आणि एका दुपारी वकील शिक्षकखोलीच्या दारात येऊन उभी राहिली. बाई माझ्यावरच नवीन वर्षाचं काही जुळवत होत्या.

"ये गं. कसा गेला पेपर?"

"पेपर नव्हता, बाई. परीक्षेच्या मॅडम फाइल जतन करून दाखव म्हणाल्या. मी व्याख्या सांगितली."

"मग?"

"म्हणाल्या, सांगू नकोस, कर. मी माउस हातात उचलला आणि पडद्याला टेकवला." ती थांबली. "शेजारचा मुलगा हसला. त्या मॅडम नाही हसल्या. त्यांनी विचारलं, शाळेत लॅबमध्ये किती तास झाले?"

बाईंचं पेन थांबलं. "तू काय सांगितलंस?"

"छत्तीस."

"मॅडमनी माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं," वकील म्हणाली. "म्हणाल्या, छत्तीस तास बसून हे येत नसेल तर तू दुसरं काही शीक, बाळ. यादीत नाव नाहीये माझं."

ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती नमस्कार करून निघून गेली. शाळेची लाज तिने राखली होती आणि त्यापायी स्वतः मठ्ठ ठरली होती. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ कळला.

बाईंनी लाल पेन काढलं. पहिल्या तासापासून सुरुवात केली. खूण खोडायची, शेजारी 'झाला नाही' लिहायचं, खाली सही करायची. चिकटलेली पानं त्यांनी पट्टीने सोडवली. माझा थोडा कागद गेला. आतली पेन्सिलीची ओळ वाचून त्या स्वतःशीच म्हणाल्या, "एवढं एक खरं लिहिलं होतं मी."

मुख्याध्यापक आत आले तेव्हा एकोणिसावा तास चालला होता.

"बाई, हे काय चालवलंय? साहेबांनी नावाजलेली वही आहे ही. शाळेचं काय होईल?"

"शाळेचं काय व्हायचं ते होईल, सर. तिचं काय झालं ते विचारा."

"एका मुलीसाठी?"

"चाळीस आहेत, सर. आली एकटीच."

ते उभे राहिले. मग खुर्ची ओढून बसले, आणि छत्तिसावी सही होईपर्यंत बसून होते. शेवटी म्हणाले, "खाली माझीही घ्या."

दुसऱ्या दिवशी बाई मला आणि वकीलला घेऊन तंत्रशाळेत गेल्या. परीक्षक मॅडमनी माझी पानं चाळली.

"या खुणा खोडल्या कधी?"

"काल."

"म्हणजे परवापर्यंत..."

"परवापर्यंत खोटं होतं. मी लिहिलेलं."

मॅडम मुलीकडे वळल्या. "मग तू छत्तीस का सांगितलंस?"

"बाई तिथे नव्हत्या ना," ती म्हणाली. "त्यांच्या मागे कसं सांगायचं?"

मॅडमनी मला मिटलं. मागच्या वेळी साहेबांनी मिटलं होतं तसं नाही, झटकल्यासारखं. "यंदाच्या जागा भरल्या," त्या म्हणाल्या. "तिच्या नावापुढे मी जे लिहिलं ते खोडते. पुढच्या वर्षी तिची पुन्हा परीक्षा घेईन. त्याहून जास्त माझ्या हातात नाही."

तिथून बाई मालाच्या अड्ड्यावर गेल्या. वकीलचे वडील टेम्पोवर दोर आवळत होते. बाईंनी काही न लपवता सांगितलं. त्यांनी गाठ पुरी केली, मग बोलले.

"चार दिवस मी घरात पोरीला मठ्ठ म्हणतोय, बाई."

"मठ्ठ मी होते."

"ते तुमचं तुम्ही बघा. गेलेलं वर्ष परत येतं का?" त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती दोराच्या टोकाशी चाळा करत होती. "सकाळी दुकानात जाईल. दुपारी तुमच्याकडे पाठवतो. पण लॅबला कुलूप दिसलं तर मी स्वतः येईन."

कुलूप त्यांना दिसलं नाही. शाळा उघडली तेव्हा बाई नव्या वर्गासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला हे येत नाही. शिपाईमामांना खटका येतो, तिथून सुरू करू." मुलं हसली. बाईंच्या शेजारच्या यंत्रावर वकील बसली होती. दोघी मिळून चुकायच्या, आणि कुणाची चूक मोठी यावर भांडायच्या.

पुढच्या वर्षी तिला जागा मिळाली. तिच्याबरोबरच्या मुली तोवर एक वर्ग पुढे गेल्या होत्या. ते मधलं वर्ष मी खाल्लं. लाल शाईने ते भरून निघालं नाही.

अकरा शाळांना बाईंनी पत्रं पाठवली. उत्तरं तीनच आली. दोघांनी लिहिलं, आमच्याकडे सर्व व्यवस्थित आहे. तिसऱ्या पत्रात एकच ओळ होती, 'माझंही असंच आहे, काय करू?' ती लिहिणाऱ्या शिक्षिकेला बाईंनी बोलावून घेतलं. बाकीच्या माझ्या लेकी कुठल्या कपाटात तोऱ्यात बसल्या आहेत, कोण जाणे. मीच त्यांना ते शिकवलं.

आता नवीन वहीत बाई वेगळ्या तऱ्हेने नियोजन करतात. 'काय शिकवलं' या रकान्याऐवजी 'मुलांनी काय केलं' असा रकाना आहे, आणि तो मुलंच भरतात. त्या वहीला डाग आहेत, खाडाखोड आहे. मी तिला नावं ठेवत नाही. नवे शिक्षक नियोजन शिकायला आले की बाई त्यांच्यासमोर आधी मला ठेवतात. ते लाल रेघा वाचत जातात. मला प्रत्येक वेळी मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मित्रांनो, वह्यांना कव्हर घाला, त्या जपून ठेवा, असं तुम्हाला नेहमी सांगतात. तुमच्या वह्या जरूर जपा. माझं मागणं मात्र उलटं आहे. मला कव्हर घालू नका, कपाटात ठेवू नका. टेबलावर उघडी ठेवा. आणि कुणी वाचायला बसलं की पंखा बंद करा, म्हणजे वाऱ्याचं निमित्त करून मला पान उलटता येणार नाही.