सहमच्या विहिरीवरचा न दमणारा पंप

मित्रांनो, मी एक जुना डिझेल पंप आहे. माझा हिरवा रंग कधीच उडाला, सायलेन्सरला भोक पडले आहे आणि अंगावरची पितळी पट्टी कोणीतरी काढून नेली आहे. तरी येणारे-जाणारे माझे कौतुक करतात. ‘काय जुना माल आहे!’ म्हणतात. मला त्या कौतुकाची भीती वाटते. ती का, ते सांगायलाच आज बोलतो आहे. ज्या वेळी बोलायला हवे होते त्या वेळी मी नुसता धडधडत राहिलो.

माझा जन्म कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत झाला. तिथून मुंबईची गोदी, मग जहाज, मग मस्कतचे मत्रा बंदर आणि शेवटी ट्रकच्या पाठीवर बांधून सहम. सहम म्हणजे ओमानच्या बातिना किनाऱ्यावरचे गाव. एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र आणि मध्ये खजुराच्या आणि लिंबाच्या बागा. ज्या बागेत मला उतरवले तिथून समुद्र एक किलोमीटरसुद्धा नव्हता. भरतीच्या वेळी लाटांचा आवाज ऐकू यायचा. तेव्हा मला त्याचे काहीच वाटले नाही.

विहीर मात्र पाहताक्षणी आवडली. दगडात बांधलेली, रुंद आणि थंड. माझ्या आधी तिच्यावर मोट होती. खजुराच्या खोडांचे दोन खांब आणि त्यांच्यावरचे लाकडी चाक तसेच उभे होते. बैल ज्या उतारावरून खाली जायचा तो उतारही तसाच होता, वर्षानुवर्षांच्या खुरांनी खोल गेलेला. बागेचे मालक एक वृद्ध ओमानी होते, सगळे त्यांना अर्बाब, म्हणजे मालक, म्हणत. मला बसवले त्या दिवशी ते काठी टेकत आले, त्यांनी चाकाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाले, “दोपहर को मकिना बंद. कुवा भरने दो.”

मी मनात हसलो. बैलाला विश्रांती लागते, मला कशाला? पण त्यात एक गोष्ट होती, ती मला फार उशिरा कळली. बैल दमायचा, म्हणून विहीर भरायची. मी कधी दमलोच नाही.

बाग चालवायला घेतली होती अमीनभाईंनी. ते दापोलीकडचे, बायको आणि मुलीसह बागेतच राहत. चारशे लिंबांची झाडे होती. लिंबे उतरवायची, मिठाच्या पाण्यात उकळायची आणि चटयांवर पसरून काळी होईपर्यंत वाळवायची. त्या वाळल्या लिंबांना इथे लुमी म्हणतात, आमटीत आणि चहात टाकतात. अमीनभाईंची लुमी डोंगरापलीकडच्या निझवा शहराच्या बाजारात जायची. या सगळ्या कामाला सहा माणसे होती, सगळी कोकणातली. त्यांचा मुकादम तानाजी. हा पेणच्या खारेपाटातला, बोटे जाड आणि स्वभाव हट्टी. माझी काळजी तोच घेई. ऑइल बदलताना तो माझ्याशी बोलायचा. “चल बाबा, यल्ला, भाभींची टाकी भरायचीय,” असे म्हणून मला सुरू करायचा. दिवसाला तीन तास. दुपारी बंद. ती माझी सुखाची वर्षे होती, हे मी स्पष्टच सांगतो.

मग काळ बदलला. बाहेरच्या देशांतून स्वस्त लुमी येऊ लागली आणि निझवाचे दुकानदार निम्मा माल घेऊ लागले. त्याच सुमारास बकऱ्या-मेंढ्यांच्या चाऱ्याला चांगला भाव आला. अमीनभाईंनी आधी शंभर झाडे काढली, मग आणखी दीडशे, मग उरलेल्यांतली एकशेदहा. त्या जागी गवत आले. गवत कापायला एक यंत्र आले. गवताला सहा माणसे लागत नाहीत. तानाजी राहिला, बाकीचे पाच जण एकाच आठवड्यात गेले. त्यातला धनंजय नावाचा माणूस जाताना माझ्या टाकीवर हात ठेवून बराच वेळ उभा होता. त्यांच्या खोलीतल्या खिळ्यांवर दोन बनियन आणि एक टोपी राहून गेली. ती काढायला कोणी आले नाही.

उरली चाळीस लिंबे. अमीनभाई म्हणाले होते, “ही चाळीस मी नाही काढायचो, तानाजी. निझवाचा तो म्हातारा दुकानदार अजून फक्त माझीच लुमी मागतो. ही गेली तर मी इथं फक्त गवतवाला.” तानाजीने मान डोलावली होती. ती चाळीस झाडे जगवणे हे त्याने स्वतःचे काम मानले.

गवत मात्र फार पाणी पिते, मित्रांनो. माझे तीन तास सहा झाले, सहाचे दहा, दहाचे चौदा. तोवर अर्बाब वारले होते. त्यांची मुले मस्कतला असत. दुपारी मला बंद करायला सांगणारे कोणी उरले नाही. उलट सगळे म्हणत, काय पंप आहे, दमत नाही! आणि मी फुगून जाई.

अमीनभाईंची मुलगी माहनूर संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून अभ्यास करायची. एकदा तिला इतिहासाचा प्रोजेक्ट होता. पाचशे वर्षांपूर्वीचे इंग्लंड. ती तानाजीला अडखळत समजावत होती.

“तानाजीकाका, तेव्हा ना, वूलला खूप प्राइस मिळायला लागली. म्हणजे लोकर. मग जे मोठे जमीनदार होते त्यांनी शेतांना फेन्स केलं. कुंपण. आणि आत फक्त शीप. एक माणूस आणि एक कुत्रा, बस. बाकी नांगरवाल्यांना काम नाही.”

“आणि मग ती माणसं गेली कुठं?” तानाजीने विचारले.

माहनूरने पाने उलटली, पुन्हा मागे आली. “ते नाही दिलंय,” ती म्हणाली.

तानाजी त्या पाच जणांच्या रिकाम्या खोलीकडे बघत राहिला. मग त्याने माझ्यात डिझेल ओतले.

त्यानंतर फार दिवस गेले नसतील. एका सकाळी विहिरीतून पहिला घोट वर आला आणि माझ्या आतल्या पंख्याला काहीतरी वेगळे लागले. जिभेला कळेल एवढेही नव्हते ते. पण मला कळले. मी पाणी उपसतो तेव्हा जमिनीखाली जागा रिकामी होते, आणि रिकामी जागा शेजारी भरून काढतो. आमचा शेजारी समुद्र होता. तो जमिनीखालून, आवाज न करता, विहिरीपर्यंत आला होता.

मी थांबायला हवे होते. एखादा वॉशर फाटायला हवा होता, पट्टा तुटायला हवा होता. पण तानाजीने माझी इतकी चांगली निगा राखली होती की काहीच तुटले नाही. मी ते पाणी चौदा तास वर ओतले.

घरात पहिली खूण चहाला आली. अमीनभाईंची बायको अमीरुन्निसा, तिला तानाजी भाभी म्हणायचा, चहाला विहिरीचेच पाणी घ्यायची. चहा फाटू लागला. तिने दुधाची कंपनी बदलली, मग पातेले बदलले, मग दुकानदाराशी भांडून आली. “परत फाटलं बघा दूध! या लोकांना ताजं दूध देता येत नाही,” ती चिडून म्हणाली. शेवटी एकदा घरात उरलेले बाटलीचे पाणी चहाला घेतले आणि चहा नीट झाला, तेव्हापासून तेच घेऊ लागली. पण तोवर दुधाची तक्रार जुनी झाली होती आणि पाण्याचा विचार कोणी केला नाही.

मग चाळीस लिंबांच्या पानांच्या कडा करपल्या. जमिनीवर पांढरी खपली आली. तानाजीने ती बोटावर घेऊन चाटली आणि पहिल्यांदा त्याचा चेहरा उतरला.

“मीठ फुटलंय, अमीनभाई,” तो म्हणाला. “पण घाबरू नका. आमच्याकडं खारेपाटात हे दरसालचं आहे. खाडी शेतात शिरते, जमीन पांढरी होते. मग पावसाचं पाणी बांध घालून उभं करायचं. चार वेळा सोडलं की मीठ खाली उतरतं, आणि वर भात लावायचा. माझा बाप तेच करायचा, त्याचा बापही तेच.”

“इथं पाऊस कुठाय?”

“पाऊस नाही, पण हा आहे ना!” तानाजीने माझ्या अंगावर थाप मारली. “आठ दिवस दिवसरात्र चालवतो. झाडांत वीतभर पाणी उभं करतो. मीठ धुऊन काढतो.”

अमीनभाई कचरले. “अर्बाब दुपारी बंद ठेवायला सांगायचे, तानाजी. काहीतरी असेल म्हणूनच ना?”

“अमीनभाई, मी खाऱ्या जमिनीत वाढलोय. मीठ कसं उतरवायचं ते मला माहीत आहे.”

आणि ते खरेच होते. त्याला माहीत होते. फक्त त्याच्या गावाला पाणी आभाळातून यायचे, आणि इथे ते माझ्यातून येत होते.

मित्रांनो, ते आठ दिवस मी विसरू शकत नाही. तानाजीने प्रत्येक झाडाभोवती नेटका बांध घातला, अगदी गावी घालतात तसा. मी पाणी ओतत राहिलो. पहिल्या दिवशीपेक्षा दुसऱ्या दिवशी ते खारट होते, दुसऱ्यापेक्षा तिसऱ्या. तानाजी त्या झाडांना औषध पाजतो आहे असे समजत होता आणि मी त्यांना समुद्र पाजत होतो. तो दर तासाला येऊन माझ्यावर हात ठेवायचा. “शाबास रे,” म्हणायचा. मला ओरडावेसे वाटत होते. माझ्या तोंडून धडधड निघत होती, आणि ती नेहमीसारखीच चांगली होती.

पंधरा दिवसांत चाळीसही झाडांची पाने गळून पडली. फळे मात्र गळली नाहीत. नागड्या फांद्यांवर ती तशीच लटकत राहिली आणि उन्हात हळूहळू काळी पडली. अमीनभाईंनी एक तोडून कानाजवळ हलवले. आत बिया वाजल्या. उत्तम लुमी झाली होती, झाडावरच. त्यांनी ते लिंबू खिशात टाकले आणि घरात गेले. नंतर त्यांनी सहमच्या बाजारात किराणा मालाचा गाळा घेतला. बागेत ते क्वचित येत.

तानाजी राखणीला राहिला, सात महिने. तो काळ मला अजून झोंबतो. गवत वाळून गेले, खजुरांचे शेंडे झडले आणि नुसती खोडे उभी राहिली. भर दुपारी, डोळे दिपवणाऱ्या उन्हात, बागेत मोटेचे चाक करकरायचे. वारा नसतानाही करकरायचे. शेजारच्या बागेतली माणसे म्हणायची, तुमचा पंप दुपारी सुरू असतो, आम्हाला ऐकू येतो. मी तर बंद होतो! तानाजी उठून यायचा, माझ्या अंगावर तळहात टेकवायचा, थरथर आहे का पाहायचा. थरथर नसायची. तरी तो बराच वेळ हात काढायचा नाही. एकदा पाच माणसांच्या रिकाम्या खोलीतून कोणीतरी खाकरल्यासारखे वाटले, तेव्हा तो आणि मी दोघांनी तिकडे पाहिले. आत बनियन हलत होते.

“मीच मारली रे ती झाडं,” तो मला म्हणाला.

नाही तानाजी, तू नाही मारलीस. तुला ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते. एवढे एक वाक्य मला त्याला सांगता आले असते तर मी आयुष्यभराचे कौतुक परत केले असते.

आठव्या महिन्यात याच किनाऱ्यावरच्या पलीकडच्या गावातून एक बागवाला पिकअप घेऊन आला. त्याने नवी जमीन घेतली होती, गोड्या पाण्याची विहीर होती आणि त्याला पंप हवा होता. अमीनभाई त्याला घेऊन माझ्यापाशी आले. तानाजी मध्ये उभा राहिला.

“खलास आहे हा, अर्बाब. इंजिन गेलंय. भंगार आहे.”

अमीनभाई चकित होऊन त्याच्याकडे बघत राहिले. तानाजी कधी खोटे बोलत नसे. मला मात्र सगळे समजले. त्याने मला वाचवले होते. त्याने ती दुसरी विहीर वाचवली होती.

पण तो बागवाला जुना जाणकार होता. त्याने बाही सारली, हँडल लावले आणि फिरवले. मी श्वास रोखून धरला. सात महिने बंद होतो, टाकीच्या तळाला गाळ होता, आणि मी जन्मात पहिल्यांदा मनापासून ठरवले होते की सुरू व्हायचे नाही.

मी पहिल्याच फेऱ्याला सुरू झालो.

बागवाला मोठ्याने हसला. तानाजीने डोळे मिटून घेतले. ते उघडून तो म्हणाला, “मग मीही येतो याच्याबरोबर. पण रोज दोनच तास चालवायचा. त्याच्यावर नाही.”

“इन्शाल्ला,” बागवाला म्हणाला.

दोन वर्षे तानाजीने शब्द पाळून घेतला. दोन तास झाले की तो मला बंद करायचा, कोणी रागावले तरी. गेल्या महिन्यात त्याचा व्हिसा संपला आणि तो पेणला गेला. आता मला एक नवा माणूस चालवतो. भला आहे, वेळेवर ऑइल घालतो, फडक्याने पुसतो. पण त्याला कोणी काही सांगितलेले नाही. बागेत गवत लावायचे ठरले आहे. काल मी पाच तास चाललो. पाणी अजून गोड आहे.

मित्रांनो, यंत्राची निगा राखा, त्याला तेल-पाणी करा, असे तुम्हाला शिकवतात. ते ठीकच आहे. पण माझी मागणी वेगळी आहे. माझ्या डाव्या बाजूला बंद करायचा एक छोटा खटका आहे. मला हात नाहीत. तुमच्यापैकी कोणी इकडून जात असेल तर कृपा करून तो ओढा.