ताटलीचे दोन तास

वडील गेले त्याला चार महिने झाले होते आणि लेकीनं अजून कुणासमोर डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. लोक म्हणत, पोरगी खंबीर आहे. आई म्हणे, खंबीर कसली, बापावर गेलीय. आत काय चाललंय त्याचा बाहेर पत्ता लागू देत नाही.

आत काय चाललं होतं ते आईलाही नीटसं ठाऊक नव्हतं. आत जळफळाट होता.

वडील पूरनियंत्रण कक्षात होते. वर डोंगरात पाऊस कोसळला की धरणात किती पाणी येईल, त्यातलं किती धरण पोटात ठेवील, किती खाली सोडील, आणि सोडलेलं पाणी नदीच्या वळणावळणांतून उतरत शहराच्या पुलाशी किती वाजता आणि किती उंच पोचेल, हे आकडेमोड करून आधीच सांगायचं, असं त्यांचं काम. जन्मभर त्यांनी तेच केलं. वेळ इतकी अचूक सांगत की कचेरीत त्यांना ‘घड्याळ’ म्हणत. निवृत्तीनंतरही दर पावसाळ्यात कचेरी त्यांना बोलावून घेई आणि त्यांचं टेबल कुणाला देत नसे.

घरी मात्र हे घड्याळ बहुतेक बंद असे. जेवताना दोन वाक्यं, झोपताना एक. तिसरं वाक्य ऐकू आलंच तर ते त्या शिष्येबद्दल असायचं. अठरा वर्षांपूर्वी एक मुलगी त्यांच्या हाताखाली रुजू झाली होती. तेव्हापासून “आज तिनं माझी चूक काढली,” असं वडील हसत सांगायचे, आणि स्वतःची चूक निघाल्याचा एवढा आनंद झालेला माणूस लेकीनं दुसरा पाहिला नव्हता. आई ताटं वाढता वाढता विचारायची, “काय म्हणते तुमची दुसरी लेक?” आईला गंमत वाटे. “मला कशाला वाईट वाटायचंय?” ती म्हणे. “ते आकडे ती ऐकून घेते म्हणून मला ऐकावे लागत नाहीत.”

पहिल्या लेकीला गंमत वाटत नसे. ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायची, पण वडिलांची एखादी चूक काढायची संधी तिला कधी मिळाली नव्हती.

शोकसभेत शिष्या बोलायला उभी राहिली. म्हणाली, कामाच्या पहिल्याच दिवशी सर घरून एक पत्र्याची बादली घेऊन आले. बुडाशी भोक पाडलेली. मला म्हणाले, तांब्यानं पाणी ओत आणि बघत राहा. ओतणं आणि गळणं सारखं झालं की पाणी चढायचं थांबतं, आणि नेमकी तेव्हाच भोकातली धार सगळ्यात जोरात असते. धरण म्हणजे एवढंच. बाकी सगळा हिशोब याच्या पुढचा.

सभेत माना डोलल्या. लेक मात्र खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसून राहिली. ती बादली तिची होती. ती दहा वर्षांची असताना वडिलांनी खिळा तापवून तिच्यासमोर ते भोक पाडलं होतं, तिच्या हातात तांब्या दिला होता, आणि अगदी हीच वाक्यं म्हटली होती. तिनं थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं होतं, “मग पुढे काय?” वडील हसले होते. पुढे काय ते त्यांनी तिला पुन्हा कधी सांगितलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही. ते पुढचं सगळं दुसरीला मिळालं, आणि बादलीसुद्धा.

सभेनंतर कचेरीनं वडिलांच्या वस्तू एका पिशवीत घालून दिल्या. चष्म्याचं घर, एक मफलर, पेन्सिली. तळाशी लांबट निळी वही होती. ती कचेरीची आहे हे लेकीला पहिल्या पानावरच कळलं. तिनं ती कपाटात, वडिलांच्या स्वेटरांखाली ठेवली.

शिष्येचा फोन आठवड्यानं आला. “ताई, त्या सामानात सरांची वही आली आहे का?”

ताई! आपण हिची ताई, म्हणजे वडील दोघींचे, असाच हिशोब झाला की. “सापडली नाही,” लेक म्हणाली. महिन्यानं पुन्हा फोन आला, तेव्हाही सापडली नाही.

सुटीच्या दुपारी ती वही काढून वाचत बसे. एका बाजूला वडिलांची पेन्सिल: आवक, साठा, विसर्ग, वेळ. समासात हिरव्या शाईत ‘तपासले’ आणि खाली शिष्येची सही. कुठे वडिलांनीच तिच्यासाठी लिहिलेलं: ‘बरोबर. पण घाई करू नकोस.’ कुठे: ‘हा प्रश्न चांगला विचारलास.’ लेकीला वडिलांनी आयुष्यात दोन पत्रं पाठवली होती, ती बाहेरगावी शिकत असताना. दोन्हींत ती कधी येणार एवढंच विचारलं होतं. ती एकेक हिरवी सही मोजत जाई, आणि एकशे चाळिसाच्या पुढे मोजणं सोडून वही मिटे. दुसऱ्या रविवारी पुन्हा काढे.

आकडे मात्र तिच्या ओळखीचे होत गेले. दुसऱ्याचं लिहिलेलं पुन्हा पुन्हा वाचायची सवय होती, त्यामुळे वडिलांची पद्धत तिला हळूहळू उलगडली. धरणापासून पुलापर्यंत मोठ्या पुराचा माथा यायला दहा तास. त्यात प्रत्येक वेळी ‘ताटली +२’. आणि उंचीतून दीड फूट वजा. शेवटच्या पानांजवळ त्याचा खुलासाही होता: पुलाच्या वरच्या अंगाला, उजव्या काठाला सखल माळ आहे, पूर मोठा असला की आधी त्या माळावर पसरतो, तिथं दोन तास दम खातो आणि मग उतरून पुढे जातो. माळाला वडिलांनी ‘ताटली’ हे नाव दिलेलं होतं.

चौथ्या महिन्यात वरच्या डोंगरात तीन दिवस पाऊस थांबला नाही. शहरात लख्ख ऊन होतं, लोक वाळवणं घालत होते, आणि धरण काठोकाठ भरत होतं. दुपारी बाराच्या सुमारास शिष्या घरीच आली. केस विसकटलेले, चपला धुळीनं भरलेल्या. आईनं पाणी दिलं ते तिनं उभ्या उभ्याच प्यायलं.

तिनं आईला सांगितलं ते असं. उद्या सकाळी सहाला धरणाचे सगळे दरवाजे उघडायचे आहेत. इतकं पाणी नऊ वर्षांत सोडलेलं नाही. संगणक आहे, पण त्यात भरलेले आकडे सरांचेच. संगणक म्हणतो माथा संध्याकाळी सहाला पुलाशी येईल, म्हणून खालच्या वस्तीला पाचपर्यंत बाहेर पडायला सांगणार आहोत. वही असती तर मोठ्या पाण्याचं पान एकदा डोळ्यांखालून घातलं असतं. जीव थोडा थाऱ्यावर आला असता.

“सापडली नाही,” लेक दारातूनच म्हणाली.

शिष्येनं तिच्याकडे पाहिलं. आईला नमस्कार करून गेली.

“सहा म्हणाली ना ती?” दार लावल्यावर लेकीनं विचारलं.

“सहा. का गं?”

दहा आणि दोन बारा. सकाळी सहाचे संध्याकाळी सहा. लेक कपाटाशी उभी राहिली, हात स्वेटरांवर, आणि तिच्या डोळ्यांसमोर छापखाना आला. वर्षापूर्वी छापखाना नदीकाठच्या नव्या गोदामांत गेला होता. ती गोदामं त्याच माळावर भराव टाकून, नदीच्या बाजूनं भिंत घालून उभी केली होती. ती रोज तिथंच जात होती. मुद्रितं वाचता वाचता पाठीला जी दमट भिंत लागे, तिच्या पलीकडे नदी होती.

ताटली उरलीच नव्हती. पाण्याला पसरायला जागा नव्हती. उद्या ते भिंतीला घासून सरळ पुलाकडे येणार, दोन तास आधी आणि दीड फूट वर.

पहिल्यांदा तिला काय वाटलं ते तिनं पुढे कुणालाच सांगितलं नाही. तिला बरं वाटलं. अठरा वर्षं शिकून हिनं एवढं साधं पाहिलं नाही! उद्या सगळ्या शहरादेखत हिचं घड्याळ चुकणार. ते बरं वाटणं स्वेटरांखालून वही काढेस्तोवर टिकलं. मग दोन गोष्टी एकदम ध्यानात आल्या. पाच वाजेपर्यंत वेळ आहे असं समजून घरात बसलेल्या माणसांच्या उंबऱ्यात चार वाजताच पाणी असणार. आणि चूक शिष्येची नव्हती. चूक बाबांची होती. ती तोंडावर सांगायची म्हणजे बाबांना त्या बाईसमोर खाली पाहायला लावायचं.

ती वही काखेत मारून रिक्षात बसली.

कचेरीत शिष्या वडिलांच्याच टेबलाशी होती, पण वडिलांच्या खुर्चीवर नव्हे. शेजारी स्टूल ओढून बसली होती. लेकीनं वही टेबलावर ठेवली. शिष्येनं वहीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि कधी सापडली असं काही विचारलं नाही. ते न विचारणंच लेकीला जास्त झोंबलं.

“बाबांचं चुकलंय,” लेक म्हणाली.

“मोठ्या पाण्यात सर चुकत नाहीत.”

“तुमच्याकडे चुकत नसतील. माझे बाप होते ते, माझ्याकडे चुकायचे.” तिनं पान उघडलं, ‘ताटली +२’ वर बोट ठेवलं. “हा माळ आता नाही. भराव टाकलाय, भिंत घातलीय. मी रोज तिथं बसते.”

“भिंत केवढी?” शिष्येनं विचारलं.

लेक दचकली. हा प्रश्न तिनं आधी ऐकला होता. इस्पितळात शेवटच्या दिवसांत वेळ जाईना म्हणून ती वडिलांना छापखान्याच्या नव्या जागेबद्दल सांगत होती. गोदाम, ओल, भिंतीमागची नदी. वडील डोळे मिटून पडले होते. मध्येच त्यांनी विचारलं होतं, “भिंत केवढी?” ती म्हणाली होती, दोन पुरुष उंच. मग ते काहीच बोलले नाहीत. तिला वाटलं, झोप लागली.

“दोन पुरुष,” लेक आताही म्हणाली.

शिष्येनं हातातलं पेन खाली ठेवलं. “सरांनी इस्पितळातून मला फोन केला होता,” ती म्हणाली. “एवढंच म्हणाले, ताटली बघून ये. मी गेले नाही. मला वाटलं औषधाच्या गुंगीत बोलतायत.”

बाबांनी ऐकलं होतं तर. तिचा शब्द न् शब्द ऐकला होता. आणि ऐकून फोन कुणाला केला? हिला. हा आनंद मानायचा की दुःख, हे लेकीला ठरवता येईना. नेहमीचं जळणं तेवढं ओळखीचं होतं, तेच तिनं धरून ठेवलं.

“तुमच्याबद्दल ते इथं कधीच बोलले नाहीत,” शिष्या वहीकडे पाहत म्हणाली. “अठरा वर्षांत एकदाही नाही. मला तुमचा राग यायचा, ताई. हा माणूस नदीचं सगळं सांगतो, धरणाचं सगळं सांगतो, आणि घरातली एक गोष्ट तेवढी झाकून ठेवतो. मला वाटायचं, तीच मोलाची असणार.”

लेक म्हणाली, “आधी हे दोन तास काढा.”

शिष्येनं संगणकातले काढले. चार वाजता, आणि दीड फूट वर. मग तिनं फोन उचलला आणि खालच्या वस्तीची वेळ बदलली: पाच नव्हे, तीनच्या आत. पलीकडून कुणीतरी हुज्जत घातली असावी, कारण ती ठासून म्हणाली, “माझा नाही, सरांचा आकडा आहे.” लेकीनं ते ऐकलं आणि दुरुस्त केलं नाही.

“वहीतही करायला हवं,” फोन ठेवून शिष्या म्हणाली आणि वही लेकीपुढे सरकवली. “तुम्ही करा.”

लेकीनं वडिलांचीच पेन्सिल घेतली. ‘+२’ वर, छापखान्यात अक्षर गाळायचं असलं की करतात ती वेटोळ्याची खूण केली आणि समासात सही केली. वडिलांच्या वहीत तिचं अक्षर पहिल्यांदाच उमटलं होतं. शिष्येनं वही ओढून घेतली, खाली हिरव्या शाईत लिहिलं: ‘तपासले.’ ते तिनं लिहायला नको होतं, असं लेकीला वाटलं. पण लिहिलं ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी पाणी चार वाजून वीस मिनिटांनी पुलाशी सगळ्यात उंच आलं. तोवर खालची वस्ती रिकामी झाली होती. एक म्हातारा कुलूप विसरलं म्हणून परत निघाला होता, त्यालाही मागे आणलं. संध्याकाळी शिष्येचा फोन आला. वीस मिनिटं चुकली, ती म्हणाली.

“बाबांची चुकली नसती,” लेक म्हणाली, आणि तिला थोडं हलकं वाटलं.

शिष्या हसली. मग विचारलं, “ताई, ती बादली अजून आहे का हो? पुन्हा एकदा बघायची होती.”

“नाही. फुटली.”

आई शेजारीच बसली होती. फोन ठेवल्यावर ती लेकीकडे नुसती पाहत राहिली. कचेरीतून वडिलांनी परत आणलेली बादली मागच्या अंगणात होती. आईनं तिच्यात शोभेचं झाड लावलं होतं. बुडाला भोक आहे, झाड कुजणार नाही, म्हणून.

“द्यायची तिला एकदा बघायला,” आई म्हणाली. “काय नेणार होती ती?”

“नेली होती की एकदा.”

लेक अंगणात गेली. तांब्या भरून झाडाला घातला, आणखी एक घातला, आणि खाली वाकून भोकाकडे पाहत राहिली. आधी काहीच आलं नाही. मग थेंब आले, मग धार. तांब्या कधीच रिकामा झाला होता आणि धार चालूच होती. ती ओट्यावर बसली. आईनं आतून विचारलं, काय करतेस. ती म्हणाली, काही नाही, येतेच. पण ती बराच वेळ आली नाही, आणि आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. आईनं तिच्या हातातला तांब्या काढून घेतला.