सात सेकंद

अण्णांनी हात वर केला, तसा मुलाने त्यांच्याच जुन्या व्याख्यानाचा आवाज थांबवला.

"हे नको," अण्णा म्हणाले. "हिचं बोलणं आहे ते लाव. कुठलंही चालेल."

मुलाने मान डोलावली आणि उगाचच पडद्यावरची यादी खालीवर करत बसला. एकशे बारा व्याख्यानं होती. त्यातल्या एकाही व्याख्यानात आईचा आवाज नव्हता, आणि हे त्याच्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. तो आवाज त्यानेच काढला होता.

"शोधून ठेवतो," तो म्हणाला. आईला जाऊन महिना झाला होता आणि अण्णांनी या महिन्यात मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

व्याख्यान हा शब्दही मुलाचाच. अण्णा घड्याळं दुरुस्त करणारे. ते त्याला नुसतं 'बोलणं' म्हणत. दर रविवारी सकाळी बाहेरच्या खोलीत सात-आठ माणसं जमत आणि अण्णा मी म्हणजे कोण, दुसरा म्हणजे कोण, असलं काहीबाही तासभर बोलत. निवृत्त पोस्टमास्तर आपला टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसत. आईला बसायला सवड नसे. ती आत स्वयंपाकघरात, पण कान बाहेर. अण्णा म्हणाले की जे आहे ते सगळं एकच आहे, की आतून विचारणा यायची, "सगळं एकच असेल तर भांडी रोज मीच का घासते?" लोक हसत, अण्णाही हसत, आणि मग खुर्ची थोडी दाराकडे वळवून ते जे बोलत, ते ऐकण्यासाठीच खरं तर माणसं येत. तीस वर्षं हे असंच चाललं होतं.

मुलगा ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत कामाला. सहा वर्षांपूर्वी परदेशातल्या एका अभ्यासमंडळाचं पत्र आलं, ही भाषणं आम्हाला हवीत, नऊ भाषांत आणू. मुलगा हरखून गेला. जगासमोर जायचं तर नीटनेटकं जायला हवं, म्हणून दोन वर्षं सुट्टीचा एकेक दिवस त्याने त्यात घातला. खोकले काढले, खुर्च्यांची करकर काढली, सायकलच्या घंट्या, पातेल्यांचा खणखणाट आणि आई. सगळं संगणकावरच्या एका कप्प्यात टाकलं आणि कप्प्याला नाव दिलं 'व्यत्यय'. काम संपल्यावर तो कप्पा रिकामा करून टाकला. बुरशी धरलेल्या कॅसेटी भंगारात गेल्या. आपण काही वाईट करतोय असं त्याच्या मनातही आलं नाही.

पहिलं व्याख्यान तयार झालं तेव्हा त्याने हौसेनं आईच्या कानाला हेडफोन लावले होते. तिने हातातली सुरी खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकलं.

"छान झालंय," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आपल्याच घरातलं ना हे?"

तो हसला होता. आता ते हसू आठवलं की त्याला स्वतःची लाज वाटे.

परदेशात व्याख्यानं फार वाखाणली गेली. एका बाईंनी लिहिलं होतं की या माणसाला प्रश्न पडतच नाहीत, थेट उत्तरंच येतात. ते पत्र त्याने जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं होतं. आईने अण्णांकडे पाहिलं, आणि आणखी कुणाला वाढू, असं विचारलं होतं.

चार दिवस त्याने शोध शोध शोधलं. जुन्या डिस्क उघडल्या. फोनमध्ये फोटो बरेच होते, पण कॅमेरा समोर आला की आई तोंड मिटून उभी राहायची. शेवटी तो पोस्टमास्तरांच्या घरी गेला. त्यांच्याकडे प्रती होत्या.

"होत्या ना," ते म्हणाले. "तुम्ही नवीन पाठवलंत तेव्हा टाकून दिल्या. नवीन किती स्वच्छ होतं."

पाचव्या दिवशी सकाळी तो अण्णांसमोर जाऊन बसला. स्टुडिओत त्याने मनाशी जुळवून ठेवलेलं सगळं ऐन वेळी विसरायला झालं.

"अण्णा, आईचा आवाज नाहीये कुठे. मी काढून टाकला."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सगळा?"

"सगळा."

बोलणी खायला मुलगा केव्हाचा तयार होता. ती मिळाली असती तर बरं झालं असतं.

"तू मला विचारलं होतंस," अण्णा म्हणाले. "अडथळे काढू का म्हणून. मी हो म्हणालो. मला वाटलं, खोकले काढतोयस."

"तुम्ही ऐकलं नाहीत कधी?"

"स्वतःचा आवाज काय ऐकायचा." मग ते हळूच म्हणाले, "निदान तिच्यासाठी तरी ऐकायला हवं होतं. लाव आता."

मुलाने लावलं. अण्णांचा तरुण आवाज खोलीत आला. माणसाची हाव एकदा गळून पडली की त्याला काहीच लागत नाही, असं काहीतरी चाललं होतं. अण्णांनी बोट वर केलं. मुलाने थांबवलं.

"इथं ती म्हणाली, काहीच लागत नाही तर चहा दोनदा कशाला लागतो."

मुलाला हसू आलं. पुढे गेल्यावर पुन्हा बोट वर. देह म्हणजे मी नव्हे, यावर ती म्हणाली होती, मग काल रात्रभर कण्हत होतं ते कोण. जोड कुठेही ऐकू येत नव्हता, कामच तसं चोख झालं होतं. तरी अण्णा प्रत्येक जागी अचूक थांबवत होते. त्यांचा चेहरा उजळत चालला होता. मुलालाही वाटायला लागलं, सगळं काही गेलेलं नाही.

मग ते आलं. मेल्यावर माणसं वेगळी होतात असं आपण समजतो, असं काहीसं सांगता सांगता अण्णांचा आवाज थांबला आणि खाली येऊन म्हणाला, "ते मला माहीत नाही." त्यानंतर लांबच लांब शांतता. परदेशातल्या पहिल्या संचाला याच वाक्याचं नाव दिलं होतं. स्टुडिओच्या भिंतीवर ते नऊ भाषांत लावलेलं होतं. एवढा मोठा माणूस आणि किती नम्र, असं लोक लिहीत.

अण्णांनी बोट वर केलं. ते वरच राहिलं.

"इथं काय विचारलं होतं हिनं?"

मुलगा पडद्याकडे बघत राहिला. आईचं ते वाक्य त्याने कापताना निदान तीनदा तरी ऐकलं होतं, कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे नेमकं धरायला. पडद्यावरची त्या आवाजाची आकृती अजून डोळ्यांसमोर होती. सुरुवातीला बारीक, मध्ये एक उंचवटा, शेवटी पळी ठेवल्याचा टोकदार ठिपका. शब्द मात्र एकही आठवेना.

"सात सेकंदांचं होतं," तो म्हणाला.

"सात सेकंदांत बरंच विचारता येतं," अण्णा म्हणाले.

त्यांनी बोट खाली घेतलं. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी ते पाहिलं आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"थोडं मागे घे."

मुलाने मागे घेतलं. अण्णांनी खुर्ची पूर्वीसारखी स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवली आणि आपलं उत्तर पुन्हा एकदा ऐकलं.